ताडीवाला रोडला, जानेफळहून

प्रिय अल्ताफ,

१२ फेब्रुवारी २०२३, रविवारची रात्र. 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वाचा शेवट. सलमान खानच्या एका बाजूला शिव ठाकरे उभा होता, अमरावतीचा, म्हणजे आमच्या वऱ्हाडातला. दुसऱ्या बाजूला तू होतास, अल्ताफ शेख म्हणजे रॅपर एमसी स्टॅन, पुण्याच्या ताडीवाला रोडचा. जानेफळात त्या रात्री घराघरांत दोन तट पडले होते. आया-मावश्या शिवच्या बाजूनं होत्या. त्यांच्या दृष्टीनं तो घरचा मुलगा. लहानपणी दूध आणि वर्तमानपत्रं विकली हे तो स्वतः सांगतो, आईबद्दल मायेनं बोलतो, बोलण्यात वऱ्हाडी ठसका आहे. पण माझ्या नववी-दहावीच्या वर्गातली पोरं तुझ्या बाजूनं होती. सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेतच बातमी माझ्यापर्यंत आली, "मॅडम, स्टॅन जिंकला!" मी विचारलं, "अरे, शिव तर आपल्याकडचा ना?" मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "शिव आपल्या गावाकडचा हाय मॅडम, पन स्टॅन आपल्यातला हाय."

त्या मुलाचं हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून हे पत्र. वयानं मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे आणि माझ्या वर्गात तुझ्या वयाची मुलं शिकून गेली आहेत, तेव्हा 'तू' म्हणते.

जानेफळ कुठं आहे, हे तुला माहीत असायचं कारण नाही. बुलडाणा जिल्हा, मेहकर तालुका. मेहकरहून खामगावकडे निघालं की रस्त्यात लागतं. सोयाबीन, कपाशी, तूर, पाणी असेल तर हरभरा आणि गहू. गावाला बाजार आहे, बँक आहे, पोलीस ठाणं आहे, शाळा आहेत. पण दहावी-बारावीनंतर पोरांना धरून ठेवेल असं काम इथं नाही. मग ती पुण्याला जातात. कुणी चाकणच्या कंपनीत हेल्पर म्हणून, कुणी पोलीस भरतीच्या अकॅडमीत, कुणी पार्सल पोचवायला. काही जण ट्रॅव्हल्सनं जातात, काही शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं. ती गाडी त्यांना पुणे स्टेशनावर उतरवते आणि स्टेशनाला लागूनच तुझी वस्ती आहे. आमच्या कितीतरी मुलांचं शहरातलं पहिलं पाऊल तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर पडलंय. तो मुलगा 'आपल्यातला' म्हणाला, त्यात हेही आलं.

तुझी गोष्ट त्यांना पाठ आहे. जन्म ३० ऑगस्ट १९९९ चा. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी, बारा वर्षांच्या आसपास, कव्वाली गायचास. मोठ्या भावामुळं एमिनेम आणि फिफ्टी सेंट कानावर पडले, आणि एमिनेमच्या एका गाण्यातल्या वेड्या चाहत्याचं नाव तू स्वतःला घेतलंस. मग 'वाटा', मग 'खुजा मत', ज्यात तू थेट रॅपर एमिवे बंटायला अंगावर घेतलंस. 'अस्तगफिरुल्लाह'मध्ये आपल्याच मागच्या दिवसांकडं वळून बघितलंस. २०२० मध्ये 'तडीपार' हा अल्बम, २०२२ मध्ये 'इन्सान'. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तू त्या घरात गेलास आणि साडेचार महिन्यांनी बाहेर आलास, तो चषक, गाडी आणि ३१ लाख ८० हजार रुपये घेऊन.

पोरं हे सगळं इतिहासाच्या सनावळीसारखं म्हणून दाखवतात. मला त्यात जे महत्त्वाचं वाटतं ते मात्र त्यांच्या तोंडून येत नाही. ते असं. तू त्या घरात बहुतेक वेळ गप्प होतास. करमत नाही, जायचंय, असंही म्हणालास. दूरचित्रवाणीवर चालणारा आरडाओरडा तुला जमला नाही. तरीही लोकांनी तुला निवडून दिलं, कारण तू आत जाण्याआधीच्या चार-पाच वर्षांत तुझं गाणं लाखो फोनांमध्ये जाऊन बसलं होतं. चॅनेलनं तुला घराघरांत नेलं हे खरं. आमच्या गावातल्या आयांनी तुझं नाव तिथंच पहिल्यांदा ऐकलं. पण ज्यांनी मतं दिली त्यांना तू आधीच माहीत होतास. तुझा विजय त्या खेळाच्या बाहेर कमावलेला होता. त्या रात्री शिवच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्यानंही मला बरं वाटलं. तुमची त्या घरात 'मंडली' होती आणि हरलेला जिंकलेल्याच्या गळ्यात पडला. आमच्या पोरांनी तेही बघितलं.

हे गाणं फोनात जाऊन बसणं तुझ्या आधी शक्य नव्हतं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि वर्षभरात जानेफळच्या पानटपरीवरही व्हिडिओ अडकल्याशिवाय चालायला लागला. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१४ मध्ये, कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, 'आफत'चा व्हिडिओ आयपॅडवर काढला होता. अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन होता. धारावीची डोपअॅडलिक्स ही मंडळी होती, मराठी, हिंदी आणि तमिळ एकाच गाण्यात आणणारी. १४ फेब्रुवारी २०१९ ला 'गली बॉय' हा चित्रपट आला आणि मेहकरच्या डॉक्टर-वकिलांच्या मुलांनाही झोपडपट्टीतला माईक भारी वाटायला लागला. तुझ्यासाठी वाट थोडी मोकळी झालेली होती. पण मुंबईची वस्ती आणि पुण्याची वस्ती यांत फरक आहे. पुण्यानं स्वतःबद्दल जे सांगितलं त्यात पेठा होत्या, वाडे होते, विद्यापीठ होतं, शुद्ध भाषा होती. ताडीवाला रोड त्यात नव्हताच. तू तो घातलास. ज्या पत्त्यावर नोकरी मिळत नाही, उधारी मिळत नाही, सोयरीक जमत नाही, तो पत्ता तू गाण्यात सर्वांत आधी सांगितलास.

अल्ताफ, तुझ्या सगळ्या कामात मला हे सर्वांत मोठं वाटतं. आणि नेमकं हेच जानेफळला पोचलेलं नाही.

इथं काय पोचलं ते सांगते. गळ्यातली साखळी पोचली. अस्सी हजारांचे बूट पोचले. केस, चालणं, हात हलवणं, 'शेमडी' हा शब्द, 'पी-टाउन' हा शब्द. शाळेच्या स्नेहसंमेलनात तीन-चार मुलं रॅप म्हणतात. चांगली म्हणतात, ठेका सुटत नाही, दमही पुरतो. पण गाण्यात येतात त्या गल्ल्या, गँग, पोलिसांच्या गाड्या, दुश्मन. या मुलांचा दुश्मन कोण? त्यांनी आयुष्यात गँग पाहिलेली नाही. त्यांनी पाहिलंय ते काढणीच्या दिवसांत आलेला पाऊस, मळणीयंत्राच्या भाड्यासाठी थांबलेला बाप, बाजार समितीत ओलाव्याच्या नावाखाली कापला गेलेला भाव. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि कितीतरी लोकांनी त्याहून कमी भावात माल दिला, कारण थांबायला घरात जागा नव्हती आणि हातात पैसा नव्हता. हे ज्याच्या घरात घडतं तो पोरगा स्टेजवर येऊन म्हणतो, 'अपुन बस्ती से.' आणि पुण्याला गेला की कुणी गाव विचारलं तर म्हणतो, 'अकोला साइड.' जानेफळ हे नाव तो घेत नाही.

तू तुझा पत्ता छाती काढून सांगितलास, आणि तुझ्यावर जीव टाकणारा मुलगा आपला पत्ता लपवतो. तुझी नक्कल करण्यासाठी त्यानं तुझी वस्ती उसनी घेतली, स्वतःचं गाव टाकून. मला याचं दुःख होतं. हे दुःख तुलाच सांगायला हवं, कारण तो माझं ऐकत नाही आणि तुझं ऐकतो.

आमच्याकडचे जाणते लोक म्हणतात, हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, दोन वर्षांत जाईल. त्यांच्याशी मी भांडते. परदेशातून आलं हे कबूल. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, एका मुलीनं पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि तिला नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. तिकीट लावलं आणि तबकड्या वाजवायला भावाला बसवलं. त्या भावाला जग डीजे कूल हर्क म्हणून ओळखतं आणि त्या रात्रीपासून हिप-हॉपचं वय मोजतं. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे गोळा करणारी मुलगी ही गोष्ट जानेफळच्या कुठल्याही घरात लगेच कळेल. मी ती वर्गात सांगते तेव्हा मुली मान वर करून ऐकतात.

आणि ठेक्यावर बोलणं, समोरच्याला शब्दांत धरणं, गर्दीला प्रश्न विचारून तिच्याकडूनच उत्तर काढणं, हे आम्ही कुणाकडून शिकायला नको होतं. कलगी-तुऱ्याचे फड रात्र-रात्र एकमेकांना सवाल टाकत होते. आमच्या विदर्भात खडी गंमत उभी राहायची, दंडार व्हायची. गाडगेबाबांचं कीर्तन म्हणजे बाबांनी विचारायचं आणि हजारो माणसांनी ओरडून सांगायचं. तुकडोजी महाराजांच्या हातात एक खंजिरी असे, तेवढ्यावर ते मैदान हलवत. आणि तुझ्यासाठी मुद्दाम दोन नावं काढून ठेवली आहेत. पेशवाईच्या उतरत्या काळात पुण्यात सगनभाऊ नावाचे शाहीर गाजले. ते जातीनं शिकलगार, धर्मानं मुसलमान, मूळचे जेजुरीचे. त्यांच्या लावण्या आणि पोवाडे अजून गायले जातात. दुसरे अमर शेख. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल, बार्शीत १९१६ साली जन्मलेले. गरिबीत वाढले, मिळेल ते काम केलं. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. त्यांच्याकडं ध्वनिक्षेपक असो-नसो, आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा असं जुनी माणसं सांगतात. अल्ताफ, मजूर वस्तीचं गाणं म्हणणारा तू पहिला शेख नाहीस. तुझ्या मागं मोठं घराणं आहे. कुणी तुला उपरा म्हणालं तर ही नावं सांग.

आता आमच्या तालुक्यातली एक गोष्ट. ती मी मुलांना नेहमी सांगते आणि तुझ्यासाठीही ती कामाची आहे.

मेहकरला ना. घ. देशपांडे नावाचे वकील राहत. जन्म १९०९ चा, सिंदखेडराजाचा. वकिली करत आणि कविता लिहीत. त्यांच्या 'शीळ' या कवितेला गो. ना. जोशी यांनी चाल लावली, गायली, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्हीनं तिची तबकडी काढली. त्या काळात तबकडी ही अगदी नवी चीज. ती अशी खपली, अशी वाजली, की मराठी भावगीताचा जमाना तिथून सुरू झाला असं मानतात. पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत जे गाणं वाजत होतं त्यातलं रान आमच्या बाजूचं होतं. कवितेतली ती मुलगी, ती हाक, ती शीळ, कशालाच शहराचा वास नाही. देशपांड्यांनी मुंबईला बिऱ्हाड हलवलं नाही. ते मेहकरलाच राहिले. 'शीळ' हा संग्रह १९५४ ला आला, 'खूणगाठी'ला पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २००० साली ते गेले तोवर त्यांचा पत्ता मेहकर हाच होता.

बघ, यंत्र नवं होतं आणि परदेशातून आलेलं होतं. शब्द मात्र पैनगंगेच्या काठचे होते. म्हणून ते टिकले. त्या काळात ज्यांनी इतरांची गाणी उसनी घेऊन तबकड्या भरल्या त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. आज तबकडीच्या जागी फोन आला आहे आणि तो जानेफळच्या प्रत्येक घरात आहे. मेहकरच्या वकिलाला एक तबकडी निघायला कंपनी लागली. माझ्या वर्गातल्या मुलाला तेवढीही अट नाही. मग त्याच्याकडं काय कमी आहे? मला उत्तर माहीत आहे असं वाटतं: त्याला कुणी सांगितलेलं नाही की जानेफळ हे गाण्यात येण्याजोगं आहे.

काही जण सांगू लागले आहेत. आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, '१०० आरबीएच' या नावानं, 'एमटीव्ही हसल'मध्ये देशासमोर उभा राहिला आणि त्यानं आपली बोली घरी ठेवून दिली नाही. ते बघताना आमचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, याले तं आपलीच भाषा येते!" त्याच्या आवाजात जे आश्चर्य होतं त्यानं मला धक्का बसला. आपली भाषा टीव्हीवर ऐकू आली याचं त्याला नवल वाटलं! महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे, 'माही जी' म्हणून गाते, जंगलावर आणि आदिवासींवर. स्वदेशी या मंडळींनी प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन आरेच्या जंगलासाठी वारलींचं गाणं केलं. २०२४ मध्ये श्रेयस सागवेकर आणि क्रेटेक्स यांचं 'तांबडी चामडी' जगभर वाजलं, आणि ते ऐकून नाचणाऱ्या किती लोकांना त्यातला शब्द कळत होता देव जाणे, पण मराठी अडली नाही. ही मंडळी आपापल्या जागेवर उभी आहेत. तरीही माझ्या वर्गात त्यांच्यापेक्षा तुझं वजन जास्त आहे. तू जिथवर पोचलास तिथं अजून त्यांतलं कुणी पोचलेलं नाही.

म्हणून तुझ्यावर जबाबदारी टाकते आहे. आधी एक कडू गोष्ट बोलून घेते, नाहीतर पत्र खोटं होईल.

तुझ्या गाण्यांत आईवरून, बहिणीवरून शिव्या आहेत आणि बायकांना उद्देशून असे शब्द आहेत जे मी इथं लिहिणार नाही. तुझे चाहते म्हणतात, वस्तीत असंच बोलतात. वस्तीत बोलतात हे मान्य, आमच्या चावडीवरही बोलतात. पण मधल्या सुट्टीत मुलं तुझ्या ओळी मोठ्यानं म्हणतात तेव्हा त्याच वर्गातल्या मुली खाली बघतात, डबा बंद करतात आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहतात. त्या तुझ्या विरोधात नाहीत. त्यांनाही तुझा ठेका आवडतो. त्यांना त्या गाण्यात उभं राहायला जागा नाही एवढंच. वस्तीत तुझ्या आईही राहिल्या, वस्तीतल्या बाया पहाटे उठून पाणी भरतात, धुणीभांडी करायला जातात. त्यांचं बोलणंही वस्तीचंच बोलणं आहे आणि ते तुझ्या गाण्यात मला फार थोडं सापडतं. ते आण. शिव्या टाकल्यानं तुझी वस्ती कमी खरी होणार नाही. तू ऐकशील असं मला वाटतं, कारण स्वतःच्या मागच्या वागण्याकडं गाण्यातून बघण्याचं धाडस तू एकदा केलेलं आहेस.

आता मागणं.

जानेफळला कार्यक्रम कर असं मी म्हणत नाही. आम्हाला ते परवडणार नाही आणि तुझ्या तालमीला पुरेल एवढी वीजही नेमकी त्या संध्याकाळी असेल याची खात्री कुणी देणार नाही. मला तुझ्याकडून अर्धा तास हवा आहे. फोन समोर ठेव आणि एक गाणं कसं झालं ते दाखव. पहिली ओळ कुठं सुचली. कोणती ओळ खोडली आणि का खोडली. एका यमकासाठी किती शब्द पालथे घातले. बीट आधी आला की शब्द. पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा आवाज कसा फाटला, आजूबाजूला कोण होतं, कोण हसलं, कुणी 'परत म्हण' सांगितलं. साखळी घालून नको, साध्या कपड्यांत.

हे मी का मागते, सांगते. आमच्या मुलांना तुझ्या गोष्टीची दोन टोकं माहीत आहेत: वस्ती आणि चषक. मधला भाग कुणी दाखवलेला नाही. तो दिसत नाही म्हणून त्यांना वाटतं की तो नसतोच, कुणाचं तरी लक्ष गेलं आणि एका रात्रीत सगळं झालं. मग ते एक व्हिडिओ टाकतात, शंभर-दीडशे लोक बघतात, आठवड्यानं ते वही फाडून टाकतात आणि 'आपलं नशीब नाही' म्हणून चाकणला निघून जातात. दहावीच्या व्याकरणात मी त्यांना अनुप्रास आणि यमक शिकवते तेव्हा ती पोरं खिडकीबाहेर बघतात. पण तीच पोरं तुझ्या एका कडव्यात आतल्या आत किती ठिकाणी शब्द जुळलेत ते बोटांवर मोजून दाखवतात. त्यांना अलंकार येतात, अल्ताफ. परीक्षेत येतात ते वेगळे आणि आपल्या कामाचे ते वेगळे, अशी त्यांची समजूत झाली आहे. तू एकदा म्हणालास की हे एकच आहे, तर माझं वर्षभराचं काम होईल.

आणि तुझ्याकडं जे होतं ते यांच्याकडं नाही, हेही त्या अर्ध्या तासात येऊ दे. तुला पुणं होतं. दोन गल्ल्या ओलांडल्या की आणखी एक रॅप करणारा मुलगा, जुना संगणक असलेला कुणी मित्र, रात्री उशिरापर्यंत एकमेकांना ऐकवणारं टोळकं. एकट्यानं कुणी रॅपर होत नाही. समोर ऐकणारा आणि चूक काढणारा लागतो. जानेफळला असा मुलगा एकटाच असतो. त्याच्या आवाजाला उत्तर देणारं कुणी नसतं. म्हणून मी शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा अशा मुलांना वर्गात बसवते. बेंच हा ढोल. कुणी भजनी मंडळात मृदंग वाजवणाऱ्याचा नातू आहे, त्याला ठेका उपजत येतो. बौद्धवाड्यातल्या दोघांना वामनदादा कर्डकांची गाणी घरातूनच पाठ आहेत, १४ एप्रिलला रात्रभर म्हणतात. मी फक्त एक अट घातली आहे: जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते गायचं नाही. पहिले काही आठवडे भयंकर शांतता होती. गँग काढून घेतल्यावर त्यांच्याकडं शब्दच उरले नाहीत. मग एकानं, तोच मागच्या रांगेतला, मान खाली घालून दोन ओळी म्हटल्या:

"बाप म्हने दिवाळीले घेऊ तुले कपडे,
दिवाळी आमच्या गल्लीत आलीच नाही."

वर्ग हसला नाही. दुसऱ्यानं बेंचवर ठेका धरला, त्या दोन ओळी चार वेळा फिरल्या, आणि तिसऱ्या खेपेला कुणीतरी मळणीयंत्राची ओळ जोडली. त्या दिवशी पहिल्यांदा 'जानेफळ' हा शब्द यमकात आला. कशाशी जुळवला ते नंतर कधी ऐक.

या गटात मुली चार आहेत. त्यांतली एक फारशी बोलत नाही. आई कापूस वेचायला जाते, किलोवर मजुरी असते, आणि ही सुट्टीच्या दिवशी बरोबर जाते. वेचताना हात चालतो त्याच लयीत ती ओळी बांधते, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. मोठ्यानं मात्र तिनं अजून म्हटलेलं नाही. या पत्राबद्दल मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रश्न लिहून दिले. मुलांचे बहुतेक प्रश्न अपेक्षित आहेत: बूट कुठले, गाडी कोणती, सलमान कसा आहे. त्यांना तुझ्या सवडीनं उत्तर दे किंवा देऊ नकोस.

तिनं चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहिला आहे. "तुम्ही पहिली ओळ लिहिली तेव्हा ती आधी कोणाले म्हणून दाखवली, आन् भीती कशी गेली?"

याचं उत्तर मात्र दे.

तुझी,
मराठीची एक शिक्षिका
जानेफळ, ता. मेहकर, जि. बुलडाणा